ताईच्या वहीतल्या रेघा

ताई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, तिच्या स्मृतिदिनाला मी एक मैफल ठेवली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. एक्केचाळीस वर्षं तिने पेटीची साथ केली. गाण्याला, नाचाला, तबल्याच्या एकलवादनाला, कुणीही बोलावलं की ती जायची आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचायची. मैफल चांगली झाली. गायक नावाजलेले होते, सभागृह भरलं होतं, तिला ओळखणारी माणसं लांबून आली होती. दोघातिघांनी डोळे पुसत माझा हात हातात घेतला.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून हिशेब लिहायला बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे मन थाऱ्यावर नसलं की मी आकडे मांडत बसतो. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, मंचावरची फुलं, फलक, निमंत्रणं, गायकांची बिदागी, तबल्याची बिदागी. शेवटची ओळ पेटीची होती आणि त्या पानावरचा सगळ्यात लहान आकडा तिच्यासमोर होता. तो मीच ठरवला होता. ‘साधारण किती देतात?’ असं एकाला विचारलं, त्याने सांगितलं तेवढे पाकिटात घातले. जन्मभर पेटी वाजवलेल्या बाईच्या आठवणीत केलेल्या कार्यक्रमात, पेटी वाजवणाऱ्या मुलाला मी फुलांहूनही कमी दिलं होतं.

त्या रात्रीनंतर मी ताईच्या वह्या उघडल्या. तोवर धीर झाला नव्हता.

वह्या तेवीस आहेत. लांबट, पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानावर तिने पट्टीने रकाने आखलेत: तारीख, कुणाबरोबर, पट्टी, काय झालं, बिदागी आणि शेवटचा रकाना ‘उरलं’. पट्टीच्या, म्हणजे गायकाच्या आधारसुराच्या, रकान्यात ‘काळी चार’, ‘पांढरी दोन’, ‘काळी एक, पण मध्यंतरानंतर अर्धा सूर उतरले’ असं. ‘काय झालं’मध्ये राग, ताल, कधी एखादी जागा. ‘उरलं’ या रकान्याचा अर्थ कळायला मला बरीच पानं चाळावी लागली. तिथे ती स्वतःचं राहून गेलेलं लिहायची. ‘तान संपायच्या आधीच मी धावले.’ ‘त्यांनी निषादावर थांबून वाट पाहिली, मी भरून टाकलं. नको होतं.’ साथीला बसणाऱ्याने गायकाला जागा सोडायची असते, हे ती चाळीस वर्षं स्वतःला बजावत होती.

आणि बिदागीच्या रकान्यात काही ठिकाणी आडवी रेघ.

माझ्या व्यवसायात रकान्यात आडवी रेघ दिसली की थांबायचं असतं. नोंद राहिली, की रक्कम शून्य, की कुणी काही लपवलं? मी मोजायला लागलो. ४१२ रेघा निघाल्या. बहुतेक सगळ्या मंगळवारच्या. समोरच्या रकान्यात ‘लेहरा, तीनताल’ किंवा ‘लेहरा, झपताल’ एवढंच. सगळ्यात जुन्या रेघेच्या आधीच्या पानावर, समासात लिहिलंय: ‘मुलाचा हात तयार आहे. जिवंत लेहरा मिळत नाही. समेवर येताना घाबरतो. मंगळवारी जाणे.’

लेहरा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तबलजी एकटा वाजवतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी धून वाजत राहते. तीनतालात सोळा मात्रांची, झपतालात दहा, रूपकात सात. ती संपते आणि त्याच क्षणी पुन्हा सुरू होते. तासभर तीच. तबला त्या धुनेच्या अंगणात पेशकार, कायदे, रेले, चक्रदार अशा रचना वाजवत हवं तिथे जाऊन येतो आणि पुन्हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळतो. लेहरा धरणाऱ्याने काही करून दाखवायचं नसतं. त्याने फक्त हलायचं नसतं. पण न हलणं म्हणजे यंत्र होणं नाही, हे ताई मला पुन्हा पुन्हा सांगायची. फोनमधला लेहरा लय सोडत नाही हे खरं, पण तो ऐकतही नाही. मुलगा चुकून सम हुकला तर माणूस ती धून किंचित दाबून वाजवतो, समेचा स्वर जरा ठळक करतो, मान हलवतो. मुलाला कळतं की घर इथे आहे. लय वाढवायची वेळ आली की डोळ्याने विचारता येतं. हे सगळं शिकायला समोर माणूस लागतो, आणि रियाजाला माणूस परवडत नाही. मैफलीसाठी साथीदार मिळतो, पण ती मैफल ज्या शेकडो तासांवर उभी असते त्या तासांना कुणी मिळत नाही. ताई त्या तासांना जायची आणि वहीत रेघ मारायची.

मग मला काय करायचं ते कळलं. त्या रेघांच्या जागी आकडा यायला हवा होता. ताईने फुकट दिलं, तो तिचा स्वभाव होता. पण तिच्या नावाखाली दुसऱ्या कुणाला फुकट वाजवायला सांगणं हा तिचा सन्मान झाला नसता. साथीदाराने रियाजाला बसावं, त्याला मैफलीसारखीच मानाची बिदागी मिळावी आणि विद्यार्थ्याला एक पैसाही पडू नये. आणि हे एका वर्षात संपू नये.

इथवर मन दीड महिन्यात आलं. पुढचं उभं राहायला दोन वर्षं लागली.

मधल्या काळात ज्यांनी आपलं माणूस गेल्यावर कलेसाठी काही उभं केलं त्यांच्याविषयी मी मिळेल ते वाचत सुटलो. दुःखाच्या दिवसांत मला त्याचा आधार होता. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी तरुणपणी पाहिलं होतं, पण त्या नावातला ‘राजा’ कोण हे तेव्हा विचारलं नव्हतं. तो दिनकर केळकरांचा मुलगा. लहानपणीच, सातव्या वर्षी गेला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या त्या माणसाने पुढे आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे, रोजच्या वापरातल्या सुबक वस्तू गोळा केल्या. पत्नी कमलाबाई त्यांच्याबरोबर होत्या. वीस हजारांच्या घरात गेलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या हाताने. मुलाचं नाव राहावं असं वाटत असेल तर ते आपल्या मुठीतून सोडावं लागतं, हे त्यांना उमगलं होतं, असं मला वाटतं.

सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि १९५३पासून त्यांच्या शिष्याने, भीमसेन जोशींनी, त्यांच्या नावाने संगीत महोत्सव सुरू केला. आज त्या महोत्सवाच्या नावात गुरूबरोबर शिष्यही आहे. मैफल करून आठवण टिकत नाही असं मी म्हणू शकत नाही ते यामुळेच. टिकते, पण त्यासाठी एका माणसाला पाच दशकं त्यात स्वतःला ओतावं लागतं. माझं वय सदुसष्ट. माझ्यामागे दरवर्षी धावणारं कुणी असेलच असं गृहीत धरून मला काही बांधता येणार नव्हतं.

अमेरिकेतल्या गुगनहाइम शिष्यवृत्तीमागचं कारणही तेव्हाच कळलं. सायमन आणि ऑल्गा गुगनहाइम यांचा मुलगा जॉन १९२२मध्ये, महाविद्यालयात जायच्या उंबरठ्यावर गेला. १९२५मध्ये त्यांनी त्याच्या नावाने निधी उभा केला आणि तेव्हापासून संगीतकार, लेखक, चित्रकार, संशोधक यांना तो काम करायला मोकळा वेळ देतोय. पैसे कसे खर्च करायचे यावर खास अटी नाहीत. जो मुलगा पुढे काय झाला असता हे कळूच शकलं नाही, त्याच्या आईवडिलांनी अनोळखी माणसांना ‘तुम्हाला व्हायचं ते व्हा’ म्हणून मोकळीक दिली. हे वाचलं त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही.

पण ताईच्या सगळ्यात जवळची वाटली ती नताली कुसेवित्स्की. तिचा नवरा सर्ज हा बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संचालक. नताली श्रीमंत घरातली. तिच्या पैशावर दोघांनी रशियात असतानाच नव्या संगीतकारांसाठी प्रकाशनसंस्था काढली होती आणि स्ट्राविन्स्की, प्रोकोफिएव यांच्यासारख्यांच्या रचना छापल्या होत्या. ती १९४२च्या सुरुवातीला गेली आणि त्याच वर्षी सर्जने तिच्या स्मरणार्थ संस्था स्थापन केली. काम एकच, नव्या रचनांसाठी संगीतकारांना पैसे देणं. म्हणजे नताली जन्मभर जे करत होती तेच पुढे चालू ठेवणं. १९४३मध्ये संगीतकार बेला बार्तोक न्यूयॉर्कच्या रुग्णालयात होते. आजारी, पैशाने खचलेले, आपल्या हातून आता काही लिहून होईल की नाही या शंकेत. कुसेवित्स्की त्यांना तिथे जाऊन भेटले आणि हजार डॉलरचं काम दिलं. त्या काही महिन्यांत बार्तोकनी ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ लिहिला. १ डिसेंबर १९४४ला बोस्टनमध्ये तो पहिल्यांदा वाजला. पुढच्या सप्टेंबरमध्ये बार्तोक गेले. ती रचना नतालीच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. संस्था आजही नवं संगीत लिहून घेते.

यातून मी एक गोष्ट उचलली. आपलं माणूस आधीच जे करत होतं ते शोधायचं आणि तेच पुढे चालवायचं. त्याच्या नावाने आपल्या आवडीचं काही सुरू करणं सोपं असतं. मला मनापासून ताईच्या नावाचा पुरस्कार हवा होता, हे कबूल करतो. मानपत्र, सन्मानचिन्ह, दरवर्षी एक निवडलेला तरुण. पण ताईने कधी स्पर्धेचं परीक्षण केलं नाही. बोलावणं आलं की म्हणायची, ‘साथीला बसते की, नंबर कशाला काढायला लावता?’ चार मुलांपैकी तिघांना मागे ठेवणारी कुठलीही गोष्ट तिच्या नावाने करणं बरोबर नव्हतं.

नावाचाच विषय निघाला म्हणून न्यूयॉर्कच्या एका सभागृहाचं सांगतो. ॲव्हरी फिशर या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या उद्योजकाने १९७३मध्ये लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिक हॉलसाठी एक कोटी डॉलरहून मोठी देणगी दिली आणि सभागृहाला त्याचं नाव मिळालं. चाळीस वर्षांनी नूतनीकरणासाठी नवा दाता हवा होता. वाटाघाटी झाल्या, फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर देण्यात आले, त्यांनी नाव सोडलं आणि २०१५पासून तिथे डेव्हिड गेफन यांचं नाव आहे. यात कुणाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही, इमारती जुन्या होतात. पण त्याच फिशरने सत्तरच्या दशकात तरुण वादकांसाठी जी मदत सुरू केली, ती आजही त्याच्याच नावाने मिळते. दगडावर लिहिलेलं गेलं आणि वादकांच्या हातात दिलेलं राहिलं. माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या लेकीला, मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा थोडी मोकळी झाली.

कारण भाची सुरुवातीपासून बिचकत होती. ‘मामा, आईचं नाव जाहिरातीत कायम शेवटी असायचं,’ ती म्हणाली. ‘साथसंगत, मग तबला, मग पेटी. तिला ते कधी खुपलं नाही. आता तुम्ही ते वर मोठ्या अक्षरात लिहिणार, ते ती नसताना. तिला विचारता येत नाही म्हणून आपण काहीही करायचं का?’

मला उत्तर सुचलं नाही. नंतर आम्ही ठरवलं की निधीला तिचं नाव राहील, पण ते पत्रव्यवहारात आणि हिशेबात. मंचावर फलक नाही, फोटो नाही, स्मृतिदिनाचा कार्यक्रम नाही. साथीदाराला बिदागी मिळते त्या पाकिटावर मात्र तिचं नाव असतं. पाकिटावर नाव घालायची कल्पना भाचीची. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमचं खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. दानपत्रात उद्देश लिहायचा होता. भाचीने लिहिलं, ‘पेटीवादनाच्या साथीसाठी’. मी ‘पेटी’ खोडून ‘संगीतातील साथीसाठी’ केलं. ती चिडली. ‘आईने सारंगी वाजवली का? व्हायोलिन वाजवलं? जन्मभर पेटी वाजवली आणि तिच्या निधीत पेटी हा शब्दच नको?’

तिचा राग मला समजत होता. पण कायमसाठी लिहिलेला शब्द जपून लिहावा लागतो. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली होती आणि पुढची तीन दशकं ती राहिली. बारा ठरलेल्या स्वरांपलीकडच्या श्रुती न देणारं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेऊ न शकणारं परकं वाद्य, असा आक्षेप होता. त्या काळात कुणी ‘आकाशवाणीवरच्या पेटीच्या साथीसाठी’ म्हणून पैसे ठेवले असते तर ते तसेच पडून राहिले असते. उलट त्याआधी गाण्याच्या साथीला सारंगी होती आणि पेटीनेच तिला मागे सारलं. पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल, कुणी सांगावं? अल्बर्ट बार्न्स या संग्राहकाने आपली चित्रं भिंतीवर जिथे लावली तिथेच राहावीत असं लिहून ठेवलं होतं. तो १९५१मध्ये गेला. पुढे संस्थेला पैशाची चणचण लागली, न्यायालयात जावं लागलं, आणि शेवटी २०१२मध्ये चित्रं फिलाडेल्फियातल्या नव्या इमारतीत आली. मांडणी जशीच्या तशी ठेवली, पण जागा बदलावीच लागली. मरणाऱ्याचा हात फार घट्ट असला की मागच्यांना तो कोर्टात जाऊन सोडवावा लागतो.

हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि तिने शांतपणे विचारलं, ‘मग इतकं सैल लिहिलंत की उद्या कुणी त्या पैशातून ध्वनिक्षेपक घेईल, त्याचं काय?’

तिचंही बरोबर होतं. शेवटी दोन वाक्यं झाली. पहिलं बांधणारं: ‘साथ करणाऱ्या माणसाला रियाजातील साथीसाठी मानधन देणे.’ माणूस, रियाज, मानधन हे तीन शब्द हलवायचे नाहीत. दुसरं सोडणारं: वाद्य कुठलं, ठिकाण कुठलं, विद्यार्थी कोण, हे त्या त्या वेळच्या विश्वस्तांनी ठरवायचं. आणि खाली एक ओळ, की ताईच्या वह्यांतलं एक पान दानपत्राला जोडलेलं आहे, शंका आली तर ते वाचावं. ही ओळ कायद्याने किती टिकते मला माहीत नाही. पण ते पान वाचून कुणी ध्वनिक्षेपक घेणार नाही, याची मला खात्री आहे.

पैशाच्या बाजूचं मला येतं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. असं काही करू पाहणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

‘मुद्दल ठेवायचं आणि व्याज खर्च करायचं’ असं सगळे म्हणतात आणि तिथेच बहुतेक निधी हळूहळू मरतात. समजा शंभर ठेवले, वर्षाला आठ आले, आणि महागाई पाच टक्के आहे. आठही खर्च केले तर वहीत शंभर तसेच दिसतात, पण पुढच्या वर्षी त्यांची खरेदीची ताकद पंचाण्णवच्या आसपास येते. बहात्तरला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत पैशाची किंमत अर्धी होते ते अंदाजे कळतं. सहा टक्क्यांना बारा वर्षं. म्हणजे आज वर्षभर चार साथीदारांना पुरणारा निधी बारा वर्षांनी दोघांना पुरेल आणि चोवीस वर्षांनी एकाला. कुणी चोरी केलेली नसते, हिशेब चोख असतो, आणि तरी निधी संपलेला असतो. म्हणून आलेल्या आठातले पाच परत मुद्दलात घालायचे आणि तीन खर्चायचे. ऐकायला कंजूसपणा वाटतो. कायमचं काही हवं असेल तर एवढंच हातात उरतं.

दुसरं, परतावा दरवर्षी सारखा येत नाही. एका वर्षी भरपूर आला म्हणून दहा मुलांना साथीदार दिला आणि पुढच्या वर्षी सहा जणांना ‘बंद’ म्हणून कळवलं, तर त्यापेक्षा सुरू न केलेलं बरं. आम्ही मागच्या तीन वर्षांच्या शिल्लक रकमेची सरासरी काढतो आणि तिच्या साडेतीन टक्केच खर्चतो. पहिल्या वर्षी काहीही खर्च केलं नाही. भाचीला ते फार जड गेलं.

तिसरं, मी स्वतःचा वेगळा न्यास काढला नाही. नोंदणी, विवरणपत्रं, दरवर्षीची तपासणी यात लहान निधीचं बरंच काही झिजून जातं. चालू असलेल्या एका संगीतसंस्थेत वेगळं खातं करून तिथे ठेवला. लेखी करार केला: हे पैसे संस्थेच्या इतर खर्चात मिसळायचे नाहीत, निवड तिघांनी करायची, त्यातला एकच घरचा, एक स्वतः साथीदार असलाच पाहिजे, आणि ही संस्था बंद पडली तर पैसे याच कामासाठी कुठे जातील तेही आधीच लिहायचं. यातलं काय तुमच्या ठिकाणच्या कायद्यात बसतं ते वकिलाला विचारा, करसवलतीच्या नादात मात्र उद्देश वाकवू नका.

एका जुन्या सहकाऱ्याने मला वेगळा सल्ला दिला होता. कायम वगैरे सोड, म्हणाला, दहा वर्षांत सगळे खर्च कर. साडेतीन टक्क्यांत जेवढ्यांना देशील त्याच्या तिप्पट मुलांना मिळेल, आणि तुझ्या डोळ्यांदेखत. त्याचं गणित बरोबर होतं. कुठे एखादं घराणं, एखादी कला आत्ताच विझत असेल तर मी तसंच केलं असतं. मी दोन रात्री विचार केला. पण पेशकार रंगात आला असताना मध्येच थांबलेला लेहरा कसा वाटतो हे मी ताईच्या शेजारी बसून एकदा ऐकलंय. वीज गेली म्हणून कुणीतरी दिवा आणायला उठलं, तिचा भाता क्षणभर सुटला आणि तबलजीचे हात हवेत राहिले. मला दहा वर्षांनी थांबणारं काही नको होतं.

पहिली बैठक गेल्या महिन्यात झाली. मी जाऊ नये असं ठरलं होतं, देणाऱ्याने समोर बसलं की घेणाऱ्याला अवघडतं. पण भाची म्हणाली, ‘एकदाच या, मागे बसा.’

खोली लहान होती. तबल्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. पेटीवर तोच मुलगा, ज्याला मी त्या मैफलीत फुलांहून कमी दिलं होतं. निवड तिघांनी केली, मी त्यात नव्हतो. त्याने मला ओळखलं आणि मान लववली. मी मागे जाऊन बसलो. त्याने चंद्रकंसातला लेहरा धरला, तीनताल, अगदी संथ. मुलगी सुरुवातीला खाली बघूनच वाजवत होती. पेशकार झाला, पहिला कायदा झाला. दुसऱ्या कायद्याच्या पलट्यात, म्हणजे त्याच बोलांच्या फिरवलेल्या मांडणीत, ती हरवली. बोल नीट पडत होते, पण ती कुठे आहे हे तिला कळत नव्हतं, आणि तिच्या खांद्यांवरून ते मलाही दिसलं. त्याने काही म्हटलं नाही. डावा हात भात्यावर तसाच. पुढच्या आवर्तनात समेवरचा षड्ज त्याने जरा रेंगाळत, थोडा दाबून लावला. त्याच्या पुढच्या आवर्तनात पुन्हा. मुलीने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, त्याने डोळे मिटून उघडले, आणि तिसऱ्या वेळी ती बरोबर त्या स्वरावर येऊन पडली. मग हसली आणि तोच पलटा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

एक तास दहा मिनिटं तो तीच धून वाजवत होता. शेवटी भाचीने त्याला पाकीट दिलं. त्याने ते तसंच न उघडता खिशात घातलं, पेटीची झडप लावली, मुलीला विचारलं, ‘झपताल येतो?’

ती म्हणाली, ‘येतो, पण एकटीने.’

‘मग मंगळवारी झपताल,’ तो म्हणाला.

घरी आलो आणि चोविसावी वही आखायला घेतली. रकाने तेच, तारीख, कुणाबरोबर, पट्टी, काय झालं, बिदागी, उरलं. पहिल्या ओळीत बिदागीसमोर आकडा लिहिला. ‘उरलं’चा रकाना त्या मुलासाठी कोरा सोडलाय.